हॉल आधी, नगरपालिका नंतर : मुंबईतील दोन वास्तूंची भेट

मुंबईचा टाउन हॉल १८३३ साली बांधून पूर्ण झाला, तेव्हा या शहरात करदात्यांनी निवडलेला एकही सभासद नव्हता. निवडून आलेल्या सभासदांची महापालिका १८७२ च्या कायद्याने अस्तित्वात आली, आणि बोरीबंदरसमोरच्या आजच्या इमारतीचे बांधकाम पुरे व्हायला १८९३ साल उजाडले. या दोन वास्तूंमध्ये साठ वर्षांचे अंतर आहे, पण रस्त्याने चालत गेले तर वीस मिनिटांचे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात, भर पावसात, या दोन्ही इमारती आणि त्यांच्याशी नाते सांगणाऱ्या आणखी काही जागा सावकाश पाहून आलो. सोबतीला मामा होते. एका नगरपालिकेच्या करवसुली विभागात त्यांची सारी नोकरी गेली असल्यामुळे कोणतीही सरकारी इमारत पाहताना त्यांचा पहिला प्रश्न ‘खर्च किती आला?’ हाच असतो. या सहलीत तो प्रश्न फारच उपयोगी पडला.

शुक्रवार : हॉर्निमन सर्कल आणि टाउन हॉल

सकाळच्या गाडीने उतरून सामान लॉजवर टाकले आणि साडेदहाच्या सुमारास हॉर्निमन सर्कल गाठले. पावसाची एक जोरदार सर नुकतीच येऊन गेली होती, बागेतल्या मोठ्या झाडांवरून पाणी ठिबकत होते आणि वर्तुळाकार इमारतींच्या कमानीखालून बँकांचे कर्मचारी छत्र्या झटकत आत शिरत होते. हे वर्तुळ नंतरचे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आहे. त्याआधी येथे ‘बॉम्बे ग्रीन’ नावाचे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गठ्ठ्यांचे ढीग पडलेले असत. त्या मैदानाच्या पूर्वेच्या कडेला टाउन हॉल उभा राहिला, तो पश्चिमेकडे, म्हणजे किल्ल्याच्या आतल्या वस्तीकडे तोंड करून.

समोरून पाहताना इमारतीचा रुंदपणा आधी जाणवतो. दोनशे फुटांचा दर्शनी भाग, मधोमध आठ डोरिक, म्हणजे साध्या ग्रीक घडणीच्या, खांबांची देवडी आणि तिच्याकडे नेणाऱ्या तीस पायऱ्या. त्या काळात युरोपात ग्रीक मंदिरांच्या धर्तीवर सार्वजनिक इमारती बांधण्याची लाट होती. बॉम्बे इंजिनिअर्समधील कर्नल थॉमस कूपर यांनी काढलेला हा आराखडा त्या लाटेतलाच आहे. काम चालू असतानाच कूपर निवर्तले आणि पुढचे बांधकाम चार्ल्स वॉडिंग्टन यांच्याकडे आले. ग्रीक वळणाच्या या दर्शनी भागात मुंबईच्या हवेने केलेले फेरफारही दिसतात. खिडक्यांवर ऊन-पाऊस अडवणारे आडोसे आहेत, आणि जुलैत तेथे उभे राहिल्यावर ते किती गरजेचे होते हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

या इमारतीची कल्पना सर जेम्स मॅकिन्टॉश यांची. मुंबईचे रेकॉर्डर, म्हणजे मुख्य न्यायाधीश, असलेल्या मॅकिन्टॉश यांनी १८०४ साली ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन केली आणि संस्थेच्या ग्रंथसंग्रहासाठी व सार्वजनिक सभांसाठी एक भव्य इमारत असावी असा विचार पुढे आणला. पैसे उभे करण्यासाठी लॉटरी काढण्यात आली. तिच्यावर भागले नाही. १८२१ मध्ये काम सुरू झाले, पैसे संपत राहिले, आणि अखेर ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने भार उचलल्यावर, तब्बल बारा वर्षांनी इमारत पूर्ण झाली. मामांनी हे ऐकून एवढेच म्हटले, “लॉटरीच्या भरवशावर आमच्याकडे साधा हौदसुद्धा मंजूर झाला नसता.”

पायऱ्या ओल्या होत्या, तरी वर देवडीत स्पर्धा परीक्षांची पुस्तके मांडीवर घेऊन बसलेली मुले होती. खाली एक तरुण जोडपे छायाचित्रकाराच्या सूचनांप्रमाणे छत्री उघडत-मिटत होते. याच पायऱ्यांवरून १ नोव्हेंबर १८५८ रोजी गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या उपस्थितीत व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचण्यात आला आणि कंपनीचा अंमल संपून राणीचे राज्य आल्याची मुंबईला अधिकृत खबर मिळाली. माझ्या मते इमारतीच्या रचनेचे मर्म या पायऱ्यांमध्येच आहे. वरून कोणीतरी वाचायचे आणि खाली मैदानात जमलेल्यांनी ऐकायचे, यासाठी याहून सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याने उभे कोठे राहावे, याची मात्र तेथे काहीच व्यवस्था केलेली दिसत नाही.

आत मात्र वेगळे जग आहे. लाकडी जमीन पावलागणिक किंचित कुरकुरते, ओतीव व घडीव लोखंडाचे कठडे आणि गोल जिने वरपर्यंत जातात, आणि जिन्यापाशी व दालनांत संगमरवरी पुतळे उभे आहेत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम हे दोघे गव्हर्नर फ्रान्सिस चँट्री या नामवंत इंग्रज शिल्पकाराने घडवलेले आहेत. त्यांच्याच पंगतीत जमशेटजी जीजीभॉय आणि जगन्नाथ शंकरशेट बसले आहेत. नाना शंकरशेटांचा पुतळा पाहण्यासाठी आम्ही बराच वेळ थांबलो. पागोटे, अंगरखा, खांद्यावरील शाल यांच्या चुण्या दगडात इतक्या निगुतीने उतरवल्या आहेत की मामांनी नकळत चपला काढल्या. पुतळ्यांच्या या रांगेतून शहराच्या सत्तेचा क्रम वाचता येतो: आधी गव्हर्नर, मग शहराच्या सार्वजनिक कामांना हात सैल सोडून पैसा देणारे देशी शेठ.

आज येथे एशियाटिक सोसायटी ऑफ मुंबई आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय नांदतात. लिटररी सोसायटी पुढे लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, १९५४ मध्ये स्वतंत्र नाव घेती झाली, आणि मॅकिन्टॉश यांच्या काळापासूनचा संग्रह तिच्याकडे राहिला. इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याचे जुने हस्तलिखित या संग्रहात असल्यामुळे परदेशी अभ्यासकांचे लक्ष तिकडे लागलेले असते. मला त्याहून अधिक आपुलकी वाटते ती सोपाऱ्याच्या अवशेषांविषयी. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपाऱ्याच्या स्तूपातून काढलेला अस्थिकरंडक आणि त्यासोबतच्या वस्तू याच संस्थेने सांभाळल्या. या दुर्मीळ वस्तू रोज मांडून ठेवलेल्या नसतात, प्रदर्शनाच्या निमित्ताने दाखवल्या जातात, हे ध्यानात ठेवून जावे.

वाचनकक्षात एक वयस्क गृहस्थ भिंगातून जुन्या वृत्तपत्रांचा बांधीव खंड वाचत होते. मामांची छत्री टेबलाला टेकलेली पाहून त्यांनी खुणेनेच ती बाहेर ठेवायला लावली आणि मग, बहुधा तो कडकपणा भरून काढण्यासाठी, आमच्याबरोबर व्हरांड्यात आले. ते रोज उपनगरातून येतात. मामांनी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारताच त्यांनी खांबांची कथा सांगितली. टाउन हॉलसाठी इंग्लंडहून दगडी खांब मागवले गेले. ते जहाजाने आले, आणि येथे उतरवल्यावर त्यांतले काही प्रमाणाबाहेर मोठे असल्याचे लक्षात आले. मग ते भायखळ्याच्या क्राइस्ट चर्चला दिले गेले, अशी नोंद मुंबईचे जुने इतिहासकार करतात. “म्हणजे मालाची तपासणी बंदरात झाली,” मामा म्हणाले, “आणि बिल आधीच चुकते झाले होते.” त्या गृहस्थांना हे फार आवडले. रविवारी भायखळ्याला जायचे तेथेच ठरले.

जाणाऱ्यांसाठी : रविवारी व सार्वजनिक सुट्टीला ग्रंथालय बंद असते, म्हणून टाउन हॉल कामाच्या दिवशी पाहावा. आत पुतळ्यांची किंवा ग्रंथांची छायाचित्रे काढण्यापूर्वी परवानगी विचारावी. पावसाळ्यात पायऱ्यांवर रबरी तळव्याच्या चपला बऱ्या. मागच्या बाजूला टांकसाळ आहे, तिचा आयोनिक, म्हणजे माथ्यावर वेटोळ्यांची नक्षी असलेल्या, खांबांचा दर्शनी भाग रस्त्यावरून दिसतो, पण सुरक्षेमुळे तेथे रेंगाळता येत नाही.

दुपारी फोर्टातल्या एका इराण्याकडे ब्रून मस्का आणि चहा घेतला. पाव इतका कडक होता की मामांनी तो चहात बुडवल्याशिवाय दाताखाली घेतलाच नाही. संध्याकाळी पावसाने पुन्हा जोर धरला आणि बागेत फिरण्याचा बेत सोडून द्यावा लागला. ज्यांच्या नावाने ही बाग ओळखली जाते ते बेंजामिन हॉर्निमन ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक होते. सरकारवर टीका केली म्हणून १९१९ साली त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. ते पत्र १९१३ मध्ये सुरू केले होते फिरोजशहा मेहतांनी, आणि दुसऱ्या दिवशी आमची गाठ त्यांच्याशीच पडणार होती.

शनिवार : महापालिकेच्या मुख्यालयात

मुख्यालयाची इमारत आतून पाहण्यासाठी शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह फेरी असते. आम्ही नाव आधी नोंदवले होते. सुरक्षा तपासणी आणि ओळखपत्र यांत थोडा वेळ गेला आणि मग सुमारे पंधरा जणांचा गट फिरोजशहांच्या पुतळ्यापाशी जमला. आमची मार्गदर्शक पंचविशीतली मुलगी होती. तिने बोलायला सुरुवात केली आणि पाऊस थांबला, त्यामुळे तिचा भाव गटात लगेच वाढला.

पुतळा १९२३ सालचा आहे. त्याच्या जागेला अर्थ आहे. दादाभाई नौरोजी मार्ग आणि महापालिका मार्ग जेथे मिळतात त्या टोकदार भूखंडावर इमारत बांधायची असल्यामुळे तिचे दोन हात दोन रस्त्यांच्या कडेने मागे गेले आहेत, आणि जेथे ते मिळतात तेथे प्रवेशद्वार, त्यावर मनोरा व घुमट. हा मोक्याचा कोपरा साधण्यातच वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचे कसब आहे. रस्त्यापलीकडचे व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, त्यांनीच १८८८ पर्यंत पुरे केले होते. आपल्याच सर्वांत गाजलेल्या इमारतीसमोर दुसरी इमारत उभी करायची आणि तिने पहिलीपुढे दबायचेही नाही, ही अवघड कामगिरी होती. रॉबर्ट चिझम यांचा आराखडाही स्पर्धेत होता, पण निवड स्टीव्हन्स यांची झाली.

गॉथिक टोकदार कमानी आणि उंच मनोरा युरोपातले. महिरपी कमानी, छोटे फुगीर घुमट आणि जाळीदार नक्षी आपल्याकडची. टर्मिनसमध्ये ही सरमिसळ आहेच, पण येथे भारतीय बाजूचे पारडे अधिक जड आहे असे मला वाटले, विशेषतः घुमटाकडे पाहताना. दर्शनी भागाच्या शिरावर पंख असलेली एक स्त्रीमूर्ती आहे, ती ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’ म्हणजे हिंदुस्थानातील पहिले नगर या बिरुदाचे रूप. समोर टर्मिनसच्या घुमटावर ‘प्रगती’ची मूर्ती आहे. एकाच वास्तुकाराच्या या दोन स्त्रिया सव्वाशेहून अधिक वर्षे एकमेकींकडे पाहत उभ्या आहेत, आणि त्यांच्यामधल्या चौकातली वाहतूक बघता दोघींचाही आत्मविश्वास थोडा डळमळला असावा.

आत शिरताच मुख्य जिना आणि त्यावरचा घुमट समोर येतो. उजेड वरून झिरपतो, जिन्याच्या वळणावर मान मागे टाकून पाहत राहावेसे वाटते, आणि गटातली दोन मुले त्या नादात पायरी चुकली. येथेच बांधकामाचा हिशेब निघाला. लॉर्ड रिपन यांनी ९ डिसेंबर १८८४ रोजी कोनशिला बसवली. स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे व्हाइसरॉय, तेव्हा निवड समर्पक होती. प्रत्यक्ष काम एप्रिल १८८९ मध्ये सुरू होऊन जुलै १८९३ मध्ये संपले. मंजूर अंदाज ११,८८,०८२ रुपयांचा होता आणि खर्च आला ११,१९,९६९ रुपये, म्हणजे ६८,११३ रुपये वाचले.

मामांनी तिला आकडे पुन्हा सांगायला लावले आणि पाठीमागच्या खिशातून काढलेल्या डायरीत लिहून घेतले. “अंदाजापेक्षा कमी? सरकारी बांधकाम?” असे ते दोनदा पुटपुटले. त्या हिशेबात कंत्राटदार व्यंकू बाळूजी कालेवार यांचा वाटा मोठा होता. मुंबईच्या बांधकामात तेलुगू कामाठी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला, त्यातले हे ठळक नाव. टाउन हॉलच्या बारा वर्षांशी आणि लॉटरीशी तुलना केली, तर फरक नुसत्या कार्यक्षमतेचा नाही. येथे पैसा करदात्यांचा होता आणि त्यांचे प्रतिनिधी तो मोजत होते.

हे मोजणे फुकट मिळालेले नव्हते. १८६५ च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड या आयुक्ताच्या हाती जवळजवळ सगळा कारभार आला. त्याने रस्ते, गटारे आणि मंडई यांची कामे धडाक्याने केली, पण खर्च आवाक्याबाहेर गेला. १८७१ मध्ये करदात्यांचा संताप उफाळून आला आणि जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेल्या प्रतिष्ठित नागरिकांच्या, वादळी सभा टाउन हॉलमध्ये झाल्या. त्या गदारोळात तरुण फिरोजशहा मेहतांनी लोकप्रिय नसलेली भूमिका घेतली. दोष एका माणसाचा नसून रचनेचा आहे, आयुक्ताला दूर करण्यापेक्षा त्याच्यावर निवडलेल्या प्रतिनिधींचा अंकुश हवा, असे त्यांनी मांडले. १८७२ च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची महापालिका आली आणि त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढचा १८८८ चा कायदा घडवण्यातही मेहतांचा हात होता, आणि दुरुस्त्यांसह तोच कायदा मुंबईचा कारभार आजही चालवतो. आदल्या दिवशी पाहिलेल्या दालनाचे महत्त्व मला येथे, दुसऱ्या इमारतीत उभे असताना कळले. जाहीरनामा ऐकण्यासाठी जमणाऱ्या शहराने त्याच छताखाली हिशेब मागितला, आणि मग त्याला वेगळ्या छताची गरज पडली.

ते छत म्हणजे वरचे सभागृह. सुमारे ६५ फूट लांब, ३२ फूट रुंद आणि ३८ फूट उंच असे हे दालन, सागवानी छत, उंच खिडक्यांत रंगीत काचा. २००० साली लागलेल्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले होते आणि नंतर ते जुन्या रूपाला धरून पुन्हा उभे करण्यात आले. बाके पाहून मामांनी विचारले की आताचे २२७ नगरसेवक येथे मावतात कसे. “दाटीवाटीने,” ती मुलगी म्हणाली, आणि गट हसला. खरोखरच, चौसष्ट किंवा त्याहून थोड्या अधिक माणसांसाठी आखलेल्या खोलीत शहर तिप्पट दाटले आहे. पण मला या दालनाचा आकार फार आवडला. येथे उंच देवडी नाही. बोलणारा आणि ऐकणारा जवळजवळ एकाच पातळीवर, समोरासमोर बसतात, आणि एकाने आवाज चढवला तर दुसऱ्याला तो टाळता येत नाही.

जाणाऱ्यांसाठी : फेरीची वेळ, शुल्क आणि ती चालू आहे की नाही हे निघण्याआधी तपासावे. शासकीय ओळखपत्र बरोबर ठेवावे, मोठी पिशवी नेऊ नये, आणि छायाचित्रे कोठे चालतात ते मार्गदर्शकाला विचारावे. बाहेरून इमारत पाहायची असेल तर दिवे लागल्यावर टर्मिनसच्या बाजूच्या पदपथावरून पाहावी. दिवसा सूर्य आणि बसगाड्या दोन्ही आड येतात.

दुपारी जवळच्याच एका मराठी उपाहारगृहात थालीपीठ, लोणी आणि पियूष घेतले. तेथून क्रॉफर्डच्या नावाची मंडई चालत पाच-सात मिनिटांवर आहे. तिचे आजचे नाव महात्मा फुले मंडई. ज्या आयुक्ताच्या खर्चावरून एवढे रणकंदन माजले त्याची ही १८६९ सालची मंडई आजही रोज वापरात आहे. आंब्यांचा हंगाम सरला होता, पण जांभळे आणि अळू भरपूर होते.

रविवार : काळा घोडा आणि भायखळा

सकाळी काळा घोड्याकडे गेलो. एस्प्लनेड मॅन्शन आणि डेव्हिड ससून ग्रंथालय यांच्यामध्ये जी आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आहे, तिच्या जागी स्वतःचे घर मिळण्याआधी महापालिकेची कचेरी होती. आज तेथे त्याची कसलीच खूण दिसत नाही आणि पाहण्यासारखे फार काही नाही, पण एक गोष्ट ध्यानात येते. टाउन हॉल नावाची इमारत हाकेच्या अंतरावर असूनही नगरपालिकेला कचेरीसाठी वेगळी जागा शोधावी लागली.

भायखळ्याला पोहोचेपर्यंत पाऊस पुन्हा सुरू झाला होता. स्टेशनची जुनी इमारत अलीकडेच जतन करून पूर्वरूपात आणली आहे आणि तिला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागातील पुरस्कार मिळाला. घाई नसेल तर दहा मिनिटे तिच्यासाठी काढावीत. क्राइस्ट चर्चमध्ये उपासना नुकतीच संपली होती आणि लोक चहाच्या टेबलाभोवती घोळक्याने उभे होते. आम्ही खांब पाहायला आलो आहोत हे सांगितल्यावर एका वृद्ध बाईंना त्याचे जराही नवल वाटले नाही. “टाउन हॉलवाले ना? दर पावसाळ्यात कोणीतरी येते,” असे म्हणून त्यांनी आमच्या हाती चहाचे कप दिले. मामांनी कप खाली ठेवून एका खांबाला कवेत घेण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही, तेव्हा त्यांनी छत्रीने घेराचा अदमास घेतला आणि तोही डायरीत टिपला. मुंबईच्या टाउन हॉलचे नियोजन कसे झाले होते याचा इतका वजनदार पुरावा दुसरीकडे कोठे पाहायला मिळणार नाही.

तेथून राणीच्या बागेलगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जवळ आहे. १८७२ साली, म्हणजे महापालिकेच्या कायद्याच्याच वर्षी, ते लोकांसाठी खुले झाले. जुन्या मुंबईचे नकाशे आणि मातीच्या प्रतिकृती पाहून हॉर्निमन सर्कलच्या आधीचे शहर डोळ्यांसमोर आणता येते, त्यामुळे कोणी ही सहल आखणार असेल तर संग्रहालय शेवटी न ठेवता सुरुवातीला ठेवावे. ते बुधवारी बंद असते. रविवारी लोकलच्या मार्गांवर दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, तेव्हा परतीची गाडी ठरलेल्या वेळेला गाठायची असेल तर भायखळ्याहून टॅक्सी करावी किंवा तासभर आधी निघावे. आम्ही तासभर आधी निघालो आणि तो तास मामांनी फलाटावरच्या बाकावर बसून ११,८८,०८२ मधून ११,१९,९६९ वजा करून पाहण्यात घालवला. उत्तर बरोबर आले.